भरली गाडी

मले कुत्रे आवडत नाईत. हे आधीच सांगून टाकतो, नाईतर लोक म्हनतीन की ह्या मानसाले मुक्या जनावराची लय माया, म्हनून तो ट्रकमधी कुत्रं घेऊन फिरते. माया-बिया काई नाई. केबिनीत कुत्रं म्हनजे काय असते, हे ज्यानं ठेवलं त्यालेच मालूम. सीटभर केस, काचेवर नाकाचे डाग, आन अंगावर पानी पडलं की असा वास, की नाकाले रुमाल बांधून गाडी चालवा. एकवीस वर्सं झाले मी गाडी चालवून राह्यलो. पह्यले वीस वर्सं केबिनीत मी आन देवाचा फोटो, इतकंच होतं. आमच्या दोघाइचं बरं चाललं होतं.

कुत्रं बायकोचं होतं. ती एकदा मानोऱ्याच्या बाजाराले गेली मिरच्या आनाले, आन थैलीत मेथीच्या जुडीखाली हे पिल्लू घेऊन आली. मी तवा रोडवर होतो. बारा दिवसांनी घरी आलो तर माह्याच दारात उभं राहून ते मलेच भुंके. म्या चप्पल उचलली. तर ती आतून हासत हासत आली.

“अजी, त्याचं काय चुकलं? महिन्यातून चार दिवस येते त्याले ते पाहुनाच समजन ना!”

पांढरं होतं, एक कान तेवढा तपकिरी. म्या तिले म्हनलं, नाव तरी ठेव. म्हने, “नाव कायले पायजे? घरात दुसरं हायच कोन हाक माराले?” पोरगी इंझोरीले देली होती तवा, तिचं लग्न होऊन वर्स झालं होतं. बायको यू यू यू करे आन कुत्रं येये. तव्यावरची पह्यली पोळी त्याची. माही दुसरी. म्या यावरही भांडलो होतो, हे आता सांगाले लाज वाटते.

मंग तिच्या पोटात गाठ निघाली. अकोल्याले दाखवलं. सुया झाल्या, केस गेले, पुन्हा थोडे आले. पोरगी माहेरी येऊन राह्यली. मी गाडीवरच होतो. कोनाले तरी काम करनं भाग हाय, असं मी सगळ्याइले सांगे. ते खोटं नव्हतं. पन पुरं खरंही नव्हतं.

आमच्या धंद्यात एक रीत हाय. भरली गाडी फिरवत नसतेत. टायर फुटो, सासरा मरो, गावात आग लागो, आधी माल पोचवा, गाडी खाली करा, मंग काय ते पाहा. हे कोनी लिहून ठेवलं नाई. पन ज्यानं भरली गाडी अर्ध्यातून फिरवली, त्याले लोक ड्रायव्हर म्हनत नाईत. म्या एकवीस वर्सांत हे मोडलं नव्हतं. छाती फुगवून सांगत होतो चार जनाइत.

मांगच्या साली रिसोडच्या बाजारातून हळद भरली, इरोडसाठी. तिकडं तमिळनाडूत हळदीचा मोठा बाजार हाय. निंघालो तवा ती खाटेवर बसून चहा पेत होती. म्हने, “जा. मले काई होत नाई इतक्यात.” हैदराबाद सोडलं आन पोरीचा फोन आला. “बाबा, आई कसंतरीच करून राह्यली. तुमी फिरा मांगं.”

म्या म्हनलं, “गाडी भरली हाय. खाली करतो आन येतो.”

मालकाचाही फोन आला. मानूस चांगला हाय, खोटं काहून बोलू? म्हने, “गाडी ढाब्यावर उभी कर, चावी गल्ल्यावर दे, मी दुसरा ड्रायव्हर धाडतो. तू घरी जाय.” म्या त्यालेही तेच सांगतलं. खाली करून जातो. मंग फोन वाजत राह्यला. मी गाडी चालवत राह्यलो.

इरोडले दीड दिवस लाइनीत लागलो. गाडी खाली झाली, तवरोक इकडं सगळं झालं होतं. अग्नी जवायानं देला. मी घरी आलो तवा राख सावडून झाली होती, घर सारवून झालं होतं. पोरगी भिंतीले टेकून बसली होती. तिनं माह्याकडं एकदा पाह्यलं, आन कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत राह्यली. आजूबाजूच्या बाया म्हनत, “रडा भाऊ, मोकळे व्हा.” काय मोकळं व्हा? रडू आलं पायजे ना. मले भूक लागली होती. त्या दिवशी मी दोनदा जेवलो. वरनात मीठ कमी होतं, हेही मले आठवते. बाकी आत काईच नव्हतं. गाडी खाली केल्यावर मांगचा हौदा कसा वाजते रिकामा, तसं.

दहाव्या दिवशी नदीवर पिंड ठेवला. आमच्याकडं पिंडाले कावळा शिवला की समजाचं, गेलेल्याचं मन निवलं. नाई शिवला तर काईतरी राह्यलं हाय त्याचं. मंग घरचे एकेक जन हात जोडून सांगतेत, हे करू, ते करू, तू जाय आता. त्या दिवशी बाभळीवर कावळे तर भरपूर होते, पन खाली एकही येये ना. जवाई म्हनला, “तुमच्या पोरीले अंतर देनार नाई.” कावळे बसलेलेच. तिचा भाऊ म्हनला, “भाचीचं माहेर तुटू देनार नाई.” तरी नाई. मंग सगळे माह्याकडं पाहू लागले. मी काय सांगू? तिच्या मनात काय होतं हे महिन्यातून चार दिवस येनाऱ्याले काय मालूम? ऊन डोक्यावर आलं होतं. घरी पंगतीचा भात निवून राह्यला होता.

मंग पोरगी बोलली. मी आल्यापासून ती माह्याशी बोलली नव्हती, तवाही माह्याकडं न पाहताच बोलली. “कुत्र्याले कोन सांभाळनार?”

तिच्या सासरी कोनाले कुत्रं चालत नव्हतं. तिच्या मामाकडं आधीच दोन होते. म्या हात जोडले आन म्हनलं, “कुत्र्याले मी संगं नेतो गाडीवर. ते जितं हाय तवरोक सोडनार नाई.”

खरं सांगतो, ऊन लागून राह्यलं होतं म्हनून म्हनलं. कोनीतरी काईतरी म्हनाले पायजे होतं. आन कावळा आला. एक नाई, तीन आले. बायाइनं पदर डोळ्याले लावले. पोरगी मोठ्यानं रडली. मले वाटलं, चला, आता घरी जाता येते.

असं ते कुत्रं माह्या गाडीत आलं. पह्यल्या खेपेले हिंगोली येईपर्यंत दोनदा ओकलं. दुसऱ्या खेपेले माही चप्पल खाल्ली, एकच, म्हनजे दुसरीही फेकावी लागली. तिसऱ्या खेपेपासून क्लिनरच्या सीटवर असं बसाले लागलं की जसं काई गाडी त्याच्या नावावर हाय. आजकाल क्लिनर कोनी ठेवत नाई, ती सीट रिकामीच असे. हळदीचे पोते भरता-उतरवताना सगळीकडं पिवळी धूळ उडते, ती त्याच्या केसात अशी बसली की महिनाभरात कुत्रं पिवळं झालं. नळाखाली धुतलं, साबन लावला, जाये ना. ढाब्यावरचे लोक विचारत, “काय ड्रायव्हरसाब, नवरदेव कुठं चालला हळद लावून?” मी म्हने, “तुह्या पोरीले पाहाले.” मंग ते गप बसत.

मी हॉटेलात जेवत नाई, पोट बिघडते. गाडीतच स्टोव्ह हाय. दुपारी कुठंतरी सावली पाहून गाडी लावाची आन चार पोळ्या टाकाच्या. तीन माह्या, चौथी त्याची. पह्यली देत नव्हतो, सांगून ठेवतो. माह्या गाडीत माहा कायदा.

रोज दुपारी तीन वाजता पोरीचा फोन येये. कुत्र्यासाठी.

“काय करून राह्यलं?”

“बसलं हाय.”

“जेवलं?”

“जेवलं.”

“फोटो पाठवा.”

मी फोटो पाठवे. झालं, फोन बंद. मी कसा हाय, कुठं हाय, जेवलो का नाई, हे तिनं एकदाही विचारलं नाई. म्याही सांगतलं नाई. तिचा आवाज हुबेहूब तिच्या मायचा हाय. फोन स्पीकरवर टाकला की कुत्रं उठून बसे, मोबाइल हुंगे, शेपूट हलवे. मी रोडकडं पाहत राहो. मले त्या वक्ती काई वाटत नसे, पन एक गोष्ट मले पक्की मालूम होती. कुत्रं हाय तवरोक फोन हाय. ज्या दिवशी कुत्रं नाई, त्या दिवशी तिले माह्याशी बोलाचं काई कारनच उरत नाई. दोन मानसं एका कुत्र्याच्या गळ्यातल्या दोरीले धरून उभे होते म्हना ना.

आता वजनकाट्याचं सांगतो, नाईतर पुढचं समजनार नाई. माल भरनं असो का खाली करनं, ट्रक काट्यावर न्यावी लागते. आधी रिकामी, मंग भरलेली. काट्यावर गाडी लावली की केबिनीतल्या सगळ्याइनं खाली उतराचं, हा कायदा. मानसाचं वजन मालात नको. तर मी उतरे, कुत्र्याले उतरवे, खिडकीवर जाऊन पर्ची घेये, आन परत येऊन दरवाज्यावर दोन थापा मारे. थापा ऐकल्या की कुत्रं जिथं असन तिथून येये, पुढचे दोन पाय पायरीवर ठेवे आन माह्याकडं पाहे. मंग म्या त्याले मांगून ढकलून वर चढवाचं. वर्सभर, प्रत्येक काट्यावर, असंच. उतर, पर्ची, थापा, चढ. त्यात डोकं लागत नव्हतं, हाताले पाठ झालं होतं.

ह्या उन्हाळ्यात येताना कडप्प्याच्या फरशा भरल्या, अकोल्यासाठी. कर्नूलच्या खाली तिकडं खदानी हायत, तिथल्या ह्या काळ्या फरशा आपल्याकडं सैपाकघराच्या ओट्याले लावतेत. आदल्या दिवशी रिकामी गाडी काट्यावर नेली. कुत्र्याले उतरवलं. आत फरशीच्या कारखान्यात क्रेन फिरत होती, जिकडं तिकडं फरशा उभ्या करून ठेवल्या होत्या, एखादी अंगावर पडली तर कुत्र्याचं भरीत. म्हनून म्या त्याले काट्याजवळच्या कडूलिंबाखालीच बसवलं. म्हनलं, “बस इथंच.” ते बसलं. संध्याकाळी जाऊन त्याले पोळी-पानी देलं, फोटो काढून पोरीले धाडला. रात्री मी कारखान्यात गाडीतच झोपलो, कारन गाडी अर्धी भरली होती. सकाळी साडेदहाले भरून झालं. भरली गाडी काट्यावर लावली. उतरलो, पर्ची घेतली, चढलो, निंघालो.

इतकंच झालं. भांडन नाई, गडबड नाई, कोनाचा फोन नाई. केबिनीतून उतरवाले कुत्रं नव्हतं, म्हनून दरवाज्यावर थापा मारनं राह्यलं. उतरवलं असतं तर चढवलं असतं. लिंब बावीस पावलांवर होता.

मंग मी साडेतीन तास गाडी चालवली. शेजारची सीट रिकामी होती, आन मले दिसलं नाई. मले सगळ्यात जास्त हेच लागते. चुकलो, चुकते मानूस. पन सव्वाशे किलोमीटर एक जीव बाजूले नाई, आन मानूस रोडकडं पाहत बसला हाय, याले काय म्हनावं? मी तसाच होऊन गेलो होतो. वर्सभर तसाच होतो.

कर्नूल मांगं टाकलं, हैदराबादच्या रोडले एका चिंचेखाली गाडी लावली. स्टोव्ह पेटवला, कनीक भिजवली, पोळ्या टाकल्या. तीन खाल्ल्या. चौथी हातात घेतली आन म्हनलं, “यू यू यू.”

कोनी आलं नाई.

म्या गाडीखाली पाह्यलं. चिंचेमांगं पाह्यलं. केबिनीत चढून पाह्यलं, सीटवर पिवळा डाग होता. मंग मले लिंब आठवला. हातपाय गार पडले, असं म्हनतेत ना, तसंही झालं नाई. मी पोळी हातात धरून उभा राह्यलो. तेवढ्यात फोन वाजला. तीन वाजले होते.

“काय करून राह्यलं?”

“झोपलं हाय,” म्या म्हनलं. “पायापाशी.”

“जेवलं?”

“जेवलं.”

“फोटो पाठवा.”

“झोपमोड होईन त्याची. संध्याकाळी पाठवतो.”

ती बरं म्हनली. आता हे आयकून तुमी म्हनसान की म्या तिथूनच गाडी फिरवली. नाई फिरवली. स्टोव्ह आवरला, भांडं धुतलं, आन गाडी सुरू केली ते हैदराबादच्याच तोंडानं. गाडी भरली होती ना! पंचवीस टन फरशी मांगं. मनात हिशोब चालू होता की पोरीले काय सांगाचं. रोडवर उतरलं, गाडीखाली आलं, असं सांगतलं तर ती मानन. चार दिवस रडन. मंग फोन बंद. आन मले काई वाटनार नाई, जसं मांगंही वाटलं नव्हतं. असं मी दहा-बारा किलोमीटर गेलो. चौथी पोळी समोर काचेपाशी ठेवली होती फडक्यात. ती कोनाची हाय हे मले मालूम होतं. ती मले खाता येये ना, फेकताही येये ना.

पुढं रोडच्या डिव्हायडरमधी वळाले कट आला. म्या गाडी फिरवली.

मोठं काई मनात नव्हतं. हात फिरले. पंचवीस टनाची गाडी त्या कटमधी अडकली, मांगच्या गाड्यांनी हॉर्न मारून डोकं उठवलं, एकानं काच खाली करून माह्या मायवर शिव्या देल्या. म्याही देल्या. पाच मिनिटांत मालकाचा फोन. त्याले मोबाइलवर गाडी दिसते कुठं हाय ते.

“गाडी उलटी काहून चालली बे?”

“कुत्रं राह्यलं काट्यावर.”

मले वाटलं आता हा माही शाळा घेते. मंग म्हने, “जाय. पन मले मांगं फोन कर, भेटलं का नाई ते सांग.”

सव्वाशे किलोमीटर परत. जाताना जे दिसलं नव्हतं ते सगळं आता दिसून राह्यलं होतं. रोडच्या कडेचं प्रत्येक कुत्रं. एक पांढरं मरून पडलं होतं, गाडी थांबवून उतरून पाह्यलं. आपलं नव्हतं. पुन्हा चढताना पायरीवरून दोनदा पाय सटकले. म्या पायाले म्हनलं, अबे, तुमाले काय झालं?

दिवस बुडता बुडता काट्यावर पोचलो. लिंबाखाली कोनी नव्हतं. काटेवाला खिडकीत बसला होता, मले पाहताच बाहेर आला आन आपल्या तेलुगू हिंदीत माह्यावर ओरडू लागला.

“वो पीला कुत्ता तुम्हारा है ना? सुबह से दिमाग खराब कर दिया! गाडी आया तो काटे पे आके बैठता. भगाया, फिर आता. पत्थर मारा, फिर आता.”

“कहां है?”

“काटे पे है, और कहां! मैं क्या करेगा? पहले उसका अकेले का वजन किया. बीस किलो. अब हर गाडी का पर्ची में बीस किलो काट के देता मैं.”

ते काट्यावर होतं. एक दुसरी ट्रक वजनाले लागली होती, तिच्या पुढच्या चाकाजवळ लोखंडी पाटावर, दरवाज्याच्या बरोबर खाली, बसलं होतं. त्या ड्रायव्हरनं पर्ची घेतली, चढला, गेला. कुत्र्यानं त्याच्याकडं पाह्यलं आन पुन्हा खाली बसलं. दिवसभर त्यानं हेच केलं असन. कोनी थापा मारल्या नव्हत्या.

म्या हाक मारली नाई. माह्या गाडीकडं गेलो आन दरवाज्यावर दोन थापा मारल्या. ते उठलं. धावत नाई आलं, चालत आलं. पुढचे दोन पाय पायरीवर ठेवले आन माह्याकडं पाह्यलं, रोज पाहते तसंच. ढकल ना, असं. राग नाई, लाड नाई. म्या त्याले ढकललं. आपल्या सीटवर जाऊन बसलं. पोळी देली तर हुंगली, खाल्ली नाई. पानी मात्र भांडंभर पेलं आन झोपलं.

मालकाले फोन केला, भेटलं म्हनून. मंग फोटो काढला आन पोरीले धाडला. संध्याकाळी पाठवतो म्हनलं होतं ना. माह्या डोक्यात इतकंच होतं की फोटो पाठवाचा हाय. खिडकीतून मांगं तो लिंब आन काट्याचा तेलुगू फलक दिसून राह्यला होता, हे मले दिसलं नाई. काल संध्याकाळचा फोटोही तिथलाच होता. दोन मिनिटांत फोन.

“बाबा, तुमी अजून तिथंच हाय?”

खोटं बोलता आलं असतं. गाडी बिघडली म्हनलं असतं तर झालं असतं. पन मी थकून गेलो होतो. म्या सगळं सांगतलं. इसरलो, सव्वाशे किलोमीटर गेलो, तीन वाजता तुले खोटं बोललो, मंग फिरलो.

“भरली गाडी फिरवली तुमी?”

“हो.”

“कुत्र्यासाठी.”

ती काय म्हनून राह्यली, हे मले समजलं होतं. फोन स्पीकरवर होता. कुत्रं झोपेतून उठलं आन मोबाइलकडं पाहू लागलं.

“आईच्या वक्ती म्या किती फोन केले होते, तुमाले मालूम हाय का तरी?”

“अकरा,” म्या म्हनलं.

ती म्हने, “मोजले होते?”

“मोजले होते. प्रत्येक वक्ती नाव दिसे तुहं. चार उचलले, सात नाई उचलले.”

“मंग काहून नाई फिरले, बाबा?”

वर्सभर लोकाइले सांगून राह्यलो होतो, गाडी भरली होती म्हनून. पोरीले तेच सांगाले तोंड उघडलं, आन दुसरंच आलं. “भेव वाटलं मले. तिले मरताना पाहाचं भेव वाटलं. गाडी भरली होती, ते मले बरं झालं होतं.”

तिनं फोन ठेवला.

मी त्या रात्री तिथंच काट्याजवळ झोपलो. सकाळी निंघालो. कुत्र्यानं कालची पोळी खाऊन टाकली होती. तीन वाजता मी हैदराबादच्या अलीकडं होतो. कुत्रं आपल्या वक्तावर उठून बसलं, मोबाइलकडं पाहत. फोन आला नाई. साडेतीन झाले. चार झाले. ते बसूनच होतं. म्या त्याले म्हनलं, “झोप बापा, आज नाई येत. आता नाईच येत.” भूक नव्हती म्हनून म्या दुपारी स्टोव्हही काढला नव्हता. पाच वाजाले आले तवा फोन वाजला. म्या स्पीकरवर टाकला आन लगेच सांगतलं, “बसलं हाय. जागंच हाय. फोटो पाठवतो.”

“बाबा,” ती म्हने. “तुमी जेवले का?”

कुत्र्याचं शेपूट सीटवर वाजून राह्यलं होतं. मले वाटलं मी चुकीचं आयकलं. म्या म्हनलं, “काय?”

“तुमी. जेवले का?”

“नाई.”

“मंग गाडी लावा बाजूले आन जेवा आधी. मी थांबते फोनवर.”

म्या गाडी रोडच्या कडेले घेतली. स्टोव्ह काढला, परात घेतली, चार पोळ्यांची कनीक घेतली आन पानी ओतलं. फोन परातीजवळ ठेवला होता. कनीक मळता मळता मले रडू आलं. ती तिकडं आयकून राह्यली होती, पन तिनं फोन ठेवला नाई. तव्यावरची पह्यली पोळी म्या कुत्र्याले देली.